एका नदीचे तीन भागीदार

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील प्रदेशाला साहेल म्हणतात. उर्दूत तुम्ही ज्याला ‘साहिल’ म्हणता, तोच हा अरबी शब्द. वाळूच्या समुद्राचा हा किनारा! येथे १९६८ नंतर काही वर्षे पाऊस फारच कमी पडला. पिके करपली, असंख्य गुरे मेली.

दुष्काळ पडला की पाण्यासाठी भांडणे होणारच, असे आपण सहज म्हणतो. मला हे अर्धेच खरे वाटते. वाटणी अन्यायाची झाली, म्हणजे माणसे एकमेकांवर उठतात. साहेलमधून वाहणाऱ्या सेनेगल नदीचेच पाहा.

ऐन दुष्काळात, १९७२ मध्ये, माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन गरीब देशांनी मिळून एक संस्था स्थापन केली. नदी कोणा एकाची नाही, हे त्यांनी मान्य केले. मालीत मनांताली येथे १९८८ मध्ये मोठे धरण पूर्ण झाले. जमीन मालीची, पण धरणाची मालकी तिघांची! विजेचे वाटेही ठरले : मालीला ५२, सेनेगलला ३३ आणि मॉरिटानियाला १५ टक्के.

मग सारे सुरळीत झाले का? नाही. बारमाही पाणी मिळणार म्हणून नदीकाठच्या जमिनीचा भाव वाढला. मॉरिटानियातील वजनदार लोकांची नजर तिच्यावर गेली. पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्यांना कोण विचारतो? एप्रिल १९८९ मध्ये गुरे चारण्यावरून तंटा झाला. गोळीबारात सेनेगलचे दोन शेतकरी मरण पावले. पाहता पाहता दोन्ही देशांत दंगली उसळल्या. हजारो निरपराध माणसांना घरदार सोडून नदी ओलांडावी लागली. देशादेशांत वाटणी झाली होती; गावात ती झालीच नव्हती.

मोठे युद्ध मात्र झाले नाही. १९९२ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले. मधल्या काळात ती संस्था मोडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. सामाईक धरण सोडून कोण कोठे जाणार? २००२ मध्ये तिन्ही देशांनी नदीच्या पाण्याची सनद केली. तिच्यात शेती, गुरे, मासेमारी व पिण्याचे पाणी या सर्वांचा विचार आहे. नदीच्या उगमाकडचा गिनी देशही २००६ मध्ये संस्थेत आला.

आता पृथ्वी तापत आहे. साहेलच्या गुराख्याकडे ना मोटार, ना कारखाना. झळ मात्र त्याला. श्रीमंत देश अशा प्रदेशाला जो पैसा देतात, ती खैरात नव्हे, ते त्यांचे देणे आहे. तो सगळा धरणाच्या भिंतीत घालू नये. कसणाऱ्याचे नाव जमिनीच्या कागदावर लागावे आणि गुरांना नदीपर्यंत वाट राहावी, यासाठीही तो खर्च व्हावा.