गोळी देणाऱ्यालाही टीममध्ये घ्या

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. दीडशेहून अधिक वर्षं उलटली, तरी आपल्या बोलण्यात ते अजून 'पागलखाना'च. त्यामुळे झोप उडाली, जीव घाबराघुबरा झाला, तरी बाई तिकडे फिरकत नाही. ती जाते गल्लीतल्या मेडिकलमध्ये. "भाऊ, झोपेची एखादी गोळी द्या ना!"

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पण ज्यांच्यापर्यंत पोचतात, त्यांचं पुढे काय होतं?

वस्तीतल्या बैठकांमध्ये बायांकडून मी ऐकते ते असं. "आठ दिवस घेतल्या, फरक नाही, सोडल्या." "बरं वाटलं, मग कशाला घ्यायच्या?" आता नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवायच्या असतात. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे तीही नसतात.

मग सांगणार कोण? गोळी हातात देणारा फार्मासिस्ट! प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचं पद असतंच. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधाची नीट माहिती देणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलंय. तरी १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम पाहा. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असतात. फार्मासिस्ट मात्र खिडकीपलीकडेच! ब्रिटनमध्ये २०१५ पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत फार्मासिस्ट नेमायला सुरुवात झाली. काही जण खास मानसिक आजारांच्या औषधांकडे लक्ष देतात.

आपल्याकडे तर याची गरज जास्तच. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातलं पाणी नागपूरच्या मे महिन्यात कमी झालं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतली तर धोका आणखी वाढतो. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं, तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण हे औषध गर्भाला अपाय करू शकतं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार? दर महिन्याला तिच्याशी दोन शब्द बोलणारा ओळखीचा फार्मासिस्ट सांगू शकतो. महिना उलटूनही ती आली नाही, तर आशाताईला निरोप देऊ शकतो.

अर्थात, नाण्याला दुसरी बाजू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम. तरीही ओळखीपाळखीवर पट्टी मिळतेच की! फार्मासिस्टला टीममध्ये घ्यायचं, तर आधी प्रशिक्षण हवं, रुग्णाची गोष्ट पोटात ठेवण्याची शिस्त हवी आणि रांगेपासून बाजूला बोलण्यापुरती जागा हवी. रोगाचं निदान मात्र डॉक्टरांचंच काम.

मैत्रिणींनो, सरकार जागं होईल तेव्हा होईल. तोवर औषध घेताना आपणच विचारू या. गुण कधी येईल? किती दिवस घ्यायची? सोबत काय चालत नाही? एकदम बंद केली तर काय होईल? आणि मन फारच खचलं, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा मोफत क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. शुगर-बीपीच्या गोळ्या आपण चारचौघांत घेतो ना? मग याच गोळ्यांना पदराआड का लपवायचं?