जसे आहे, जेथे आहे

१ एप्रिलपासून घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ लागू झाले आणि तेव्हापासून आमच्या बेलापूरच्या कार्यालयातला फोन वाजतोच आहे. राहुरी, लोणी, श्रीरामपूर, संगमनेर, सगळीकडून एकच विचारणा : "आता कॉलेजांचा माल निघेल का?" आमच्या भंगार व्यापारी सभासदांनी आशा जरूर धरावी. पण आम्हाला विचाराल तर यंदा तरी निघणार नाही. माल अडलाय तो स्टोअररूमच्या कुलपामागे, आणि त्या कुलपाची किल्ली डेड स्टॉक रजिस्टरात आहे. दिल्लीहून निघालेलं राजपत्र तिथपर्यंत पोचत नाही.

नियमांचं पुराण लावत नाही. वीस हजार चौरस मीटर बांधकाम, किंवा रोजचं ४०,००० लिटर पाणी, किंवा रोजचा १०० किलो कचरा, यातलं एक जरी जुळलं की संस्था 'मोठी कचरा उत्पादक' ठरते. वसतिगृह आणि मेस असलेलं कॅम्पस यात आपोआप बसतं. कचरा चार भागांत वेगळा करायचा, ओल्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावायची, नाहीतर तेवढ्याची प्रमाणपत्रं घ्यायची. ठीक आहे. पण ८ एप्रिल २०१६ चे नियम काढून पाहा. मोठ्या उत्पादकांच्या व्याख्येत विद्यापीठं, महाविद्यालयं, वसतिगृहं तेव्हाही नावानिशी होती. दहा वर्षं गेली. आपल्याकडची निम्मी कॅम्पसं ग्रामपंचायत हद्दीत, त्यामुळे "ते शहरांसाठी आहे" म्हणून हात झटकायची सोय होती. आता ग्रामीण स्थानिक संस्थाही नियमात आल्याने ती सोय गेली. म्हणून धावपळ चालू आहे, आणि धावपळ म्हणजे काय, तर डबे. निळे, हिरवे, आणि आता आणखी दोन रंगांचे. नॅकची समिती यायची असली की आठ दिवस आधी जिन्याखाली डबे उभे राहतात, गांडूळखताच्या टाकीला गेरू लागतो, फोटो निघतात. समिती गेली की तेच डबे एका ट्रॉलीत उपडे होतात. हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ती ट्रॉली पुढे कुठे जाते तेही त्यांना ठाऊक आहे.

आमचा विषय डब्यांचा नाहीच. कॅम्पसवरचा खरा माल डब्यात पडत नाही, तो खोलीत साठतो.

गेल्या महिन्यात एका सभासदाबरोबर आम्ही जिल्ह्यातल्या एका कॅम्पसवर गेलो होतो. नाव घेत नाही, कारण तिथल्या स्टोअरकीपरने चहा पाजला आणि मनापासून सगळं दाखवलं. निविदा तिसऱ्यांदा निघाली होती. खोली उघडली तर पुढे बाकांचा ढीग, मोडलेले पंखे, कपाटांचे पत्रे. मागे संगणक, त्यातले निम्मे जुन्या काचेच्या मॉनिटरचे. त्यामागे यूपीएसच्या बॅटऱ्या, फुगलेल्या, एकीतून आम्ल झिरपून फरशी पांढरी पडलेली. कोपऱ्यात प्रयोगशाळेच्या बाटल्या, लेबलं गेलेली. आणि भिंतीला लावून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वरून पत्रा गळतोय, खालून वाळवी लागलेली.

आता निविदेतली अट वाचा : "सर्व साहित्य एकत्रित, जसे आहे जेथे आहे तत्त्वावर, एकाच वेळी उचलावे लागेल."

लॉट एक, कायदे तीन. लोखंड आणि रद्दी कुणीही घ्यावी. संगणक ई-कचरा नियम, २०२२ खाली नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवेत. बिगरनोंदणीचा माणूस ते फोडायला बसला तर तो कायद्याबाहेर. बॅटऱ्यांसाठी त्याच वर्षीचे बॅटरी कचरा नियम वेगळे. बाटल्या घातक कचऱ्यात. तिन्ही परवाने बाळगणारा व्यापारी आमच्या तालुक्यात नाही, शेजारच्याही नाही. म्हणजे निविदा भरायची तर कायदा मोडायची तयारी ठेवून भरायची, नाहीतर भरायचीच नाही. कॅम्पसवाले म्हणतात, "प्रतिसादच मिळत नाही हो." कसा मिळेल? गूळ, मीठ, फिनेल एकाच पिशवीत बांधून "घ्या तर सगळं घ्या" म्हणणाऱ्या दुकानात कोण जाईल?

वेगळे लॉट का पाडत नाही, असं विचारलं. उत्तर मिळालं की निर्लेखन समितीचा ठराव एकत्रित झालाय. लॉट फोडायचे तर समिती पुन्हा बसवायला लागेल. समितीतले दोन सदस्य निवृत्त झालेत, त्यांच्या जागी नेमणूक व्हायची आहे.

याच्याही खाली एक गंमत आहे, आणि आमच्या मते सगळ्या अडचणींचं मूळ तेच आहे. रजिस्टर नगात लिहिलेलं असतं, आपला धंदा किलोत चालतो. रजिस्टरात 'बाक, लाकडी, लोखंडी सांगाड्याचे, नग ६०' असं आहे. लेखापरीक्षकाला ६० नग गेल्याची पावती हवी. आपण काट्यावर गाडी भरून आणि रिकामी तोलतो आणि वजनाची पावती देतो. त्यांनी ती नगात मागायची, आपण म्हणायचं की मोडलेल्या बाकाचा अर्धा सांगाडा म्हणजे किती नग? त्या दिवशी बाकांवरचे रंगाने घातलेले क्रमांक एकेक वाचून रजिस्टराशी जुळवणं चाललं होतं. एका बाकाचा क्रमांक खरवडून गेलेला. तो बाक समोर दिसतोय, पाय लागून आमचा गुडघा फुटला, पण कागदावर तो बाक तो नव्हे. तेवढ्यावरून सगळी यादी थांबली. आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, तेव्हा पाटीवर एक आणि जागेवर दुसरं याचं आम्हा बेलापूरकरांना नवल वाटत नाही. तरी त्या बाकाने आम्हालाही गप्प केलं.

हातची किंमत, म्हणजे अपसेट प्राइस, कशी ठरते तेही पाहा. मूळ खरेदीची रक्कम घ्यायची, त्यातून घसारा वजा करायचा, उरेल ती किमान बोली. पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक कागदावर अजून काही हजारांचा असतो. बाजारात त्याच्या पत्र्याचे, तारांचे आणि बोर्डाचे मिळून किती सुटतात ते आपण जाणतो. बोली येत नाही, मग निविदा पुन्हा काढतात, जाहिरातीचा खर्च पुन्हा होतो. किंमत कमी करायची सही कोण करणार? उद्या कुणी म्हणालं की स्वस्तात विकलं, तर? म्हणून कुणीच सही करत नाही, आणि माल कुजून फुकट गेला तर मात्र कुणाला जाब नाही. कुजण्याचा घसारा कुठल्याच रजिस्टरात धरत नाहीत.

रद्दीचं तर सांगायलाच नको. २०१८ ला चीनने मिश्र रद्दीला दार लावलं तेव्हा आपले भाव आपटले ते आठवत असेल. पुढे २०२१-२२ ला गिरण्यांना माल पुरेना, भाव कधी नव्हे इतके चढले. त्या दोन वर्षांत ज्या कॅम्पसांनी खोल्या उघडल्या असत्या, त्यांच्या ग्रंथालयाला नवी कपाटं मिळाली असती. उघडल्या नाहीत. आज तीच उत्तरपत्रिका ओल धरून, वाळवी लागून वापीला गेली तर गिरणी आधी ओलावा कापते, मग ग्रेड पाडते, आणि गाठ पांढऱ्या रेकॉर्डातून मिश्र मालात जाते.

उत्तरपत्रिकेबद्दल परीक्षा विभागांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण हे मासिक तिकडेही जातं. बारकोडचं आणि होलोग्रामचं स्टिकर पल्परमध्ये विरघळत नाही. त्या गोंदाचे गोळे जाळीवर बसतात, फेल्टवर बसतात, आणि कागदाला भोकं पडतात. पाण्यात सुटणाऱ्या गोंदाची स्टिकरं मिळतात, नाहीतर बारकोड सरळ छापून घ्या. दुसरं, निम्मी उत्तरपत्रिका कोरी येते. आमच्या धंद्याला कोरी पानं फार गोड, पांढरा कागद, शाई नाही. तरी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो, पानं कमी करा आणि लागेल त्याला पुरवणी द्या. कोरा कागद तसाच पल्परमध्ये घालणं आम्हालाही बरं दिसत नाही.

मेसच्या खरकट्याचा विषय आमचा नाही, दोन वाक्यांत सोडतो. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारं लहान बायोगॅस संयंत्र बसवलं, त्याला २००६ ला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांचा निसर्गऋण प्रकल्पही आहे. तंत्र अडलेलं नाही. आमच्या शेजारी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ ऊस उत्पादकांना पाचट जाळू नका म्हणून किती वर्षं सांगतंय : एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धक. शेतकऱ्याला पाठ झालेला हा हिशेब कॅम्पसच्या माळ्याला कुणी सांगितलाय का? गुलमोहराचा पालासुद्धा खतच होतो.

विद्यापीठाला भंगार कळतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने १९९० च्या सुमारास कचरावेचक बायकांच्या वस्तीत गेल्या. गेल्या त्या साक्षरतेसाठी, आणि गुंतल्या त्या धंद्याच्या प्रश्नात. बायकांना उकिरड्यातला मिसळलेला माल वेचावा लागत होता. घराघरांतून सुका वेगळा मिळाला तर त्यांची कमाईही वाढते आणि हातही शाबूत राहतात, एवढी साधी गोष्ट त्यांनी धरली. १९९३ ला बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' सहकारी संस्था आली आणि पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. हे एका विद्यापीठाच्या विभागातून निघालं. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठांना, कॉलेजांना समाजकार्य आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विभाग आहेत. त्यांनी आवाराच्या मागच्या गेटावर हातगाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एकदा आत बोलवून विचारावं, की बाबा, काय कसं वेगळं करून ठेवलं तर तुला परवडेल. त्याचं उत्तर कुठल्याही हरित लेखापरीक्षणापेक्षा उपयोगी निघेल, आणि फी पडणार नाही.

आता सभासदांकडे वळतो, कारण सगळा दोष रजिस्टराचा नाही.

कॉलेजं आपल्याला का टाळतात? आपल्यापैकी काही जण अजून गठ्ठ्यांवर पाणी मारतात. काही जण नदीकाठी वायर जाळून तांबं काढतात. प्रवरेच्या पुलावरून जाताना तो धूर आम्ही स्वतः पाहिला आहे. काहींनी उत्तरपत्रिका गिरणीला न देता भेळवाल्याला दिल्या आणि मार्कांसकट पोरांची नावं बाजारात फिरवली. अशा एका प्रसंगानंतर त्या परिसरातल्या दहा कॉलेजांची दारं दहा जणांना बंद होतात. धातूच्या भंगारावर ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीची उलट आकारणी आली. नोंदणी नसलेल्याकडून घेतलं तर कर आपण भरायचा. आधीच सांगितलं होतं, तरी मार्चमध्ये नोटिसा आल्यावर रडत आलेले सभासद आम्हाला माहीत आहेत. कॅम्पसला उद्या नव्या नियमांप्रमाणे पोर्टलवर हिशेब भरायचा आहे. त्याला तारीख घातलेली काटापावती, गाडीचा नंबर आणि माल शेवटी कुठे गेला त्याचा कागद लागणार. तो आपण दिला नाही तर पुण्याहून कंत्राटदार येईल, कोट घालून, सादरीकरण करून, आणि आपल्याच गाडीवाल्याला रोजंदारीवर ठेवून तोच माल उचलेल. जालन्याच्या भट्टीला लोखंड कुणाच्या नावाने आलं याच्याशी देणंघेणं नाही.

म्हणून काम सांगतो, आणि ते याच महिन्यात व्हायला हवं. प्रत्येकाने आपल्या भागातल्या कॅम्पसांच्या गेल्या तीन वर्षांतल्या भंगार निविदांच्या प्रती काढाव्यात. सार्वजनिक कागद आहेत, मागितल्यावर मिळतात, नाही मिळाल्या तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. ज्यांच्यात 'एकत्रित' हा शब्द आहे त्या वेगळ्या काढा. संगणकासाठी बोली लावायची असेल तर नोंदणीकृत रिसायकलरशी लेखी करार करून संकलनापुरतंच नाव लावा. स्वतः एक स्क्रू काढू नका. रद्दी उचलायला जाताना ताडपत्री न्या. आणि प्राचार्य किंवा कुलसचिव भेटले तर दोनच मागण्या ठेवा : लॉट वेगळे पाडा, आणि निर्लेखन दरवर्षी मार्चमध्ये करा. बारा वर्षांनी एकदा करण्यात कुणाचंच भलं होत नाही.

नगाला वजन कसं लावायचं याचा एक नमुना तक्ता आम्ही तयार करतो आहोत. बाकाचा सांगाडा, खुर्ची, कपाट, पंखा, प्रत्येकी सरासरी किलो. लेखापरीक्षकापुढे ठेवता येईल असा तो व्हायला हवा तर तुमच्या खऱ्या काटापावत्या लागतील, अंदाजाचे आकडे चालणार नाहीत. पावतीची झेरॉक्स काढून मागे नग किती होते ते पेनाने लिहा आणि वीस तारखेच्या आत कार्यालयात पोचवा. पाकिटावर 'ता. श्रीरामपूर' ठळक लिहा. गेल्या वेळी चार पाकिटं नवी मुंबईच्या बेलापूरला जाऊन परत आली.