आपल्या बाजूचे खोटे

तीन वर्षांपूर्वी आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. आपल्या लोकांवर झालेल्या अत्याचाराचा पुरावा म्हणून तो सगळीकडे पाठवा, असे सांगितले होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सवयीप्रमाणे फोटो तपासला, तर तो दुसऱ्याच देशातला आणि बराच जुना निघाला. मी तसे ग्रुपवर लिहिले. दहा मिनिटांत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. “तुझं बरोबर आहे रे, पण ही वेळ नाही. विरोधकांच्या हाती कोलीत कशाला देतोस?” मी माझा मेसेज पुसून टाकला. फोटो फिरत राहिला.

त्या दिवसांत मी जॉर्ज ऑर्वेल पुन्हा वाचायला घेतला होता. ‘१९८४’ आपण सगळेच वापरतो, पण नेहमी समोरच्यावर. बिग ब्रदर म्हणजे कायम दुसऱ्याचे सरकार. त्याची बाकीची पुस्तके वाचली की लक्षात येते, की या माणसाने सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती.

त्याचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. तो स्वतः पाच वर्षे बर्मात पोलीस अधिकारी होता. ‘बर्मीज डेज’मधला गोऱ्यांचा क्लब हा त्याच्याच समाजाचा पंचनामा आहे. ‘शूटिंग अॅन एलिफंट’ या निबंधातला पोलीस अधिकारी शांत झालेला हत्ती मारतो. का, तर जमलेल्या गर्दीसमोर आपले हसे होऊ नये म्हणून.

पुढे तो समाजवादी झाला. १९३७ साली ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये त्याने खाण कामगारांचे हाल लिहिले आणि उत्तरार्धात इंग्लंडमधल्या समाजवाद्यांचेच कान धरले. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ स्वतः डावे. त्यांनी आपली असहमती नोंदवणारी प्रस्तावना जोडूनच पुस्तक काढले.

खरी कसोटी लागली ती स्पेनमध्ये. फ्रँकोविरुद्ध लढताना मे १९३७ मध्ये ऑर्वेलच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. जूनमध्ये तो ज्या पक्षाच्या तुकडीत होता, त्या ‘पूम’वर बंदी आली. फॅसिस्टांचे हस्तक म्हणून त्याच्या सहकाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले, आणि हे करणारे फ्रँकोच्या विरोधातलेच होते. ऑर्वेल आणि त्याची पत्नी आयलीन कसेबसे निसटले. इंग्लंडमध्ये परतल्यावर गोलान्झ यांनी स्पेनवरचे पुस्तक नाकारले. ‘न्यू स्टेट्समन’ने त्याचे लेखन छापले नाही. कारण तेच, जे मी फोनवर ऐकले होते. ‘होमेज टू कॅटलोनिया’ १९३८ साली दुसऱ्या प्रकाशकाने काढले. १५०० प्रतींची ती आवृत्ती १९५० साली तो वारला तोपर्यंतही संपली नव्हती.

तरीही त्याने समाजवाद सोडला नाही. मला हे महत्त्वाचे वाटते. आपल्या माणसांची चूक दाखवणे म्हणजे पक्षांतर नव्हे.

ऑर्वेल संत नव्हता. १९४९ साली त्याने ब्रिटिश सरकारच्या प्रचार विभागाला कम्युनिस्टधार्जिण्या वाटणाऱ्या ३८ जणांची यादी दिली. सरकारी पाळतीवर कादंबरी लिहिणाऱ्याने सरकारला नावे पुरवावीत, हे मला पटत नाही. त्याचीच फूटपट्टी त्यालाही लावली पाहिजे.

आता त्या फोटोबद्दल. सहा महिन्यांनी आमच्याच शहरात खरोखर एक घटना घडली. आम्ही खरे फोटो घेऊन एका पत्रकाराकडे गेलो. त्याने विचारले, “हाही तसलाच नाही ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कोलीत मी मेसेज पुसला तेव्हाच दिले गेले होते. आणि त्याची झळ ज्या कुटुंबाला बसली, त्याचा त्या जुन्या फोटोशी काहीही संबंध नव्हता.

आमच्या कामात स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करता येत नाही. दुसरा तो तपासतो, चुका काढतो, आणि त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. चळवळीतही एवढे तरी करता येईल. खोटे जिथे पसरले, दुरुस्ती तिथेच टाकायची. ती करणाऱ्याला फोन करायचाच असेल, तर आभार मानायला करावा.