दारात वसुलीवाला आला तर

मोडनिंबच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. यजमानांचं हमरस्त्यालगत छोटं दुकान. मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी क्रेडिट कार्ड वापरलं, पुढे बाकी थकली, घरात मात्र चकार शब्द काढला नाही. बाईंना कळलं ते संध्याकाळी साडेसातला दोन तरुण ओट्यावर येऊन बसले तेव्हा. शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही." मग जाऊबाईंना फोन गेला. मग निरोप आला, "पंधरा हजार रोख द्या, मिटवून टाकतो. नाहीतर पोलीस येतील." बाई विचारतात, "पाटल्या मोडू का?"

नका मोडू, बाई. निदान असा निरोप आला म्हणून तरी नका.

कर्ज खरं आहे, ते फेडायचंच आहे. पण ओट्यावर बसून तुमची अब्रू काढण्याचा अधिकार त्यात कुणालाही मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, धमक्या नकोत, चारचौघांत अपमान नको, नातेवाइकांना त्रास नको. म्हणजे जाऊबाईंना केलेला तो फोनही नियमाबाहेरचाच. वसुलीवाल्याजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायलाच हवं. ते मागा, नाव लिहून घ्या. दार उघडं ठेवूनच बोला, पण आत बसवून चहा वगैरे करू नका. (आपली सवय वाईट, शिव्या देणाऱ्यालाही आपण पाणी विचारतो!)

पोलिसांची भीती मनातून काढा. कार्डाची बाकी फेडता आली नाही एवढ्यावरून कुणी तुरुंगात जात नाही, हा दिवाणी मामला आहे. मात्र सही केलेला चेक कुणी मागितला तर देऊ नका. तो वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो. कोर्टाची नोटीस आली तर ती फडताळात टाकून विसरू नका. बायकांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारा.

आणखी एक. कार्ड यजमानांच्या नावावर आहे आणि तुम्ही जामीन नाही, तर बँक तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. पाटल्या तुमचं स्त्रीधन आहे.

आता हिशेबाकडे वळू. 'किमान रक्कम' भरत राहिलं की झालं, असं यजमानांना वाटत असणार. समजा बाकी चाळीस हजार आणि व्याज महिना साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही दोन हजार भरलेत तर मुद्दलातून गेले फक्त ३४८! एवढ्या वेगाने फेडत बसलात तर वर्षंच्या वर्षं जातील. त्यावर उपाय म्हणून सावकाराकडे मात्र धावू नका, एक खड्डा बुजवायला दुसरा खणण्यातला तो प्रकार. कार्ड कपाटात ठेवा, बँकेला लेखी पत्र द्या आणि बाकीचे हप्ते बांधून मागा. बोरं-डाळिंबांच्या दिवसांत बाजारात पैसा खेळतो, दुकानाचा गल्लाही तेव्हा बरा असेल, तर हप्त्याचा आकडा ठरवताना मंदीचे महिने धरूनच ठरवा. कबूल करून पुन्हा चुकण्यापेक्षा आधीच कमी कबूल केलेलं बरं.

कमी रकमेत मिटवायची बोलणी झाली तर ती बँकेच्या कागदावर हवीत. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा, वसुलीवाल्याच्या हातात रोख एक रुपयाही नको. अशी तडजोड पतनोंदीत राहते आणि पुढे कर्ज मिळायला अडचण येते, हे लक्षात असू द्या. जमत असेल तर पूर्ण फेडणंच चांगलं. फेडल्यावर 'बाकी नाही' असं पत्र घ्या.

त्रास थांबला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, सगळं त्यात लिहा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. धमकी किंवा अंगावर येणं झालं तर मात्र सरळ पोलीस चौकी.

राहता राहिले यजमान. त्यांच्यावर चिडलात, ते योग्यच आहे. पण त्या माणसाने मुलीसाठी कर्ज काढलं आणि भीतीने गप्प बसला, एवढंही ध्यानात घ्या. मुलं झोपली की कार्डाची सगळी पत्रकं मागून घ्या आणि वही काढून दोघं बसा. दुसरं काही कार्ड किंवा मोबाइलवरून घेतलेलं कर्ज आहे का, तेही त्याच रात्री विचारा. आणि जाऊबाईंना तुम्हीच आधी फोन करून सगळं सांगा. म्हणजे पुन्हा फोन आलाच, तर त्यांना काय उत्तर द्यायचं ते ठाऊक असेल.