मागील पानावरून आलेला ठिपका

कार्तिक सरत आला की सिंदेवाहीच्या परिसरात धानाची कापणी आणि मळणी जोर धरते. राईस मिलमधून उडणारा कोंडा दुकानाच्या फळीवर, गादीवर आणि वहीच्या पुठ्ठ्यावर अलगद येऊन बसतो. याच सुमारास लग्नसराई सुरू होते आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कच्च्या रस्त्यांवरून पर्यटकांच्या उघड्या जिप्सी धूळ उडवीत धावू लागतात. ज्या दिवसांत कपाटातील कॅमेरा बाहेर निघतो, त्याच दिवसांत हवा धुळीने भरलेली असते.

समजा, येथील एका धानव्यापाऱ्याच्या घरी आजी-आजोबांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. लेकी-जावई चार गावांहून आले. नातवाने आपल्या कॅमेऱ्याने दिवसभरात सहाशे छायाचित्रे घेतली. रात्री संगणकावर पाहताना एका चित्रात आकाशाच्या उजव्या बाजूला करडा ठिपका दिसला. पुढच्या चित्रात तोच ठिपका, त्याच जागी. अंगणात सर्वांना उभे करून घेतलेल्या समूहचित्रात तर तो नेमका आजोबांच्या शुभ्र टोपीवर आला. नातवाने लेन्स पुसली, बदलूनही पाहिली. ठिपका जागचा हलला नाही.

हलणार कसा? तो लेन्सवर नव्हताच. तो कॅमेऱ्याच्या पोटात, सेन्सरवर होता.

जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ही अडचण अशा रूपात येत नसे. तेथे प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा, कोरा तुकडा पुढे सरके. एका तुकड्यावर कण बसला, तर सहसा तेवढे एकच चित्र बिघडे. डिजिटल कॅमेऱ्यात पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत सेन्सर एकच. व्यापाऱ्यांना हा भेद चटकन कळावा. रोजमेळात एखादी रक्कम चुकली, तर चूक त्या नोंदीपुरती असते. पण वर्षारंभीची शिल्लकच चुकीची ओढली, तर पुढची सारी पाने सुबक अक्षरांत लिहिली तरी चुकीचीच राहतात. सेन्सरवरची धूळ ही आरंभीच्या शिलकेतील चूक आहे.

सेन्सरचा मोठा प्रकार, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद असतो. 24 मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर लांबीत 6000 बिंदू बसवलेले असतात. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला मिलिमीटरचा सहा हजारांश भाग नव्हे, तर सहा सहस्रांश भाग, 0.006 मिलिमीटर, येतो. 0.05 मिलिमीटरचा कण, जो बोटावर असला तरी जाणवणार नाही, तो अशा आठ बिंदूंवर आडवा पसरतो.

हा कण प्रत्यक्ष सेन्सरवर नसून त्याच्या पुढे बसवलेल्या पातळ काचेवर असतो. कण आणि सेन्सर यांच्यातील त्या अंतरामुळेच ठिपका कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. दारे-खिडक्या सताड उघड्या असलेल्या खोलीत टेबलावर पेन्सिल किंचित वर धरली, तर सावली फिकट पडते. प्रकाश चहूकडून येऊन ती पुसतो. एकाच लहान झरोक्यातून उजेड येत असेल, तर तीच सावली ठळक उमटते. लेन्सचे छिद्र एफ/2.8 वर मोठे उघडलेले असताना कणाची सावली विरून जाते. एफ/16 किंवा एफ/22 वर छिद्र बारीक झाले की ती स्पष्ट होते. जंगलात पहाटेच्या अंधूक उजेडात छिद्र मोठे ठेवून टिपलेल्या वाघाच्या चित्रात धूळ दिसत नाही आणि दुपारी तलावावरच्या मोकळ्या आकाशात ती प्रकट होते, याचे कारण हेच.

परीक्षेची रीतही यातूनच निघते. छिद्र एफ/22 वर, संवेदनशीलता आयएसओ 100 वर ठेवावी, फोकस मुद्दाम बिघडवावा आणि निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घेऊन ते संगणकावर मोठे करून पाहावे. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. म्हणून चित्रात वरच्या बाजूला दिसणारा कण सेन्सरवर खालच्या बाजूला असतो. कॅमेरा समोरून पाहिला असता डावे-उजवे मात्र तसेच राहते.

धूळ सापडल्यावर उपाय सौम्याकडून कठोराकडे जावेत. पहिला उपाय बहुधा कॅमेऱ्यातच असतो. 2003 साली ऑलिंपसने आपल्या ई-1 कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच अतिवेगाने कंपित करून धूळ झटकण्याची योजना केली. 2006 साली कॅननच्या ईओएस 400डी मध्येही तशी सोय आली आणि पुढे ती सर्रास झाली. ती आज्ञा दोन-तीनदा द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर रबरी फुग्याचा ब्लोअर घ्यावा. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, मेन्यूतील सफाईचा पर्याय निवडावा, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे आणि ब्लोअरचे टोक आत न शिरवता हवा मारावी. सुटी धूळ बहुतेक एवढ्यानेच खाली पडते.

चिकटलेला कण किंवा शटरच्या यंत्रणेतून उडालेला तेलाचा थेंब मात्र हवेने जात नाही. त्यासाठी सेन्सरच्या रुंदीचा खास स्वॅब आणि त्याचे द्रावण मिळते. एक-दोन थेंब, हलका हात, एका दिशेने एकच पुसणी. वापरलेला स्वॅब पुन्हा लावू नये. हात स्थिर नसेल, तर नागपूरसारख्या शहरातील जाणत्या कारागिराकडे कॅमेरा द्यावा. तेथे मोजलेली मजुरी नुकसान नव्हे.

खरे नुकसान धुळीपेक्षा उतावीळपणाने होते. तोंडाने फुंकर घातली की थुंकीचे सूक्ष्म तुषार काचेवर बसतात. गाडीच्या टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेल आणि ओलावाही येतो. दाबाखालच्या वायूचा डबा कधी कधी द्रवच फवारतो. धोतराचे मऊ सूत असो वा चष्म्याचा रुमाल, त्यात अडकलेला वाळूचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा ओढू शकतो. ठिपका पुसता येतो. ओरखडा पुसता येत नाही.

धूळ आत शिरते ती मुख्यतः लेन्स बदलताना. म्हणून चालत्या जिप्सीत लेन्स बदलू नये. बदलणे भागच असेल, तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, दुसरी लेन्स हाताशी ठेवून काम क्षणात उरकावे. मागची झाकणे आणि कॅमेऱ्याची पिशवी अधूनमधून झटकावी. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यानेही पैसे मोजण्यापूर्वी आकाशाचे ते एक चित्र मागावे. ब्लोअरने ठिपके गेले तर सौदा ठीक. न गेल्यास सफाईचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

आणि त्या सहाशे छायाचित्रांचे काय? संगणकावर ठिपका पुसता येतो. मोकळ्या आकाशातला तर सहज जातो. पण तो चेहऱ्यावर, डोळ्याच्या कडेला आला, तर तेथे जे भरले जाते ते मूळचे नसते, अदमासाचे असते. चार गावांची माणसे पुन्हा त्याच अंगणात त्याच क्रमाने उभी राहतील, याची हमी कोण देणार? पुढच्या खेपेस आजोबा त्या रांगेत असतीलच, हेही कोणी सांगू शकत नाही.

म्हणून समारंभाच्या आठवडाभर आधी आकाशाचे एक कोरे चित्र घ्यावे आणि सफाई लागलीच तर ती तेव्हाच, दिवसाउजेडी, शांत मनाने करावी. आदल्या रात्री घाईने सेन्सरला हात लावू नये. नव्या वहीत पहिली रक्कम मांडण्यापूर्वी जुन्या वहीची बाकी तपासून घेणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. कोऱ्या आकाशात काही दिसले नाही, की मग माणसांना निश्चिंतपणे अंगणात बोलवावे.