जिने सोसले, तिलाही विचारावे

हिंगणघाटच्या बाजारपेठेत एखाद्या व्यापाऱ्याचा माल खपेनासा झाला, तर तो गादीवर बसून नुसते तर्क करीत नाही. तो गिऱ्हाइकालाच विचारतो : भाव जड वाटला, की मालात खोट निघाली? दुकान सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला तर तो आवर्जून विचारतो. कारण दुकानाची खरी उणीव त्यालाच ठाऊक असते. व्यवहारातील हे साधे शहाणपण एका ठिकाणी मात्र विसरले जाते. घरात मार खाणाऱ्या, अपमान सोसणाऱ्या स्त्रीसाठी कायदे होतात, केंद्रे उघडतात, समाजाच्या बैठका बसतात. आणि या सर्वांत बहुधा तिलाच कोणी विचारीत नाही.

बैठकीचे चित्र परिचयाचे आहे. दिवाणखान्यात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, मध्यस्थ म्हणून एखादे प्रतिष्ठित गृहस्थ. सून आतल्या खोलीत. तासाभराने निरोप येतो, "समेट झाला, आता सांभाळून घ्या." पुन्हा हात उगारला जाणार नाही याची हमी कोणी दिली, आणि उगारला गेलाच तर तिने कोणाकडे जावे, हे मात्र ठरलेलेच नसते. तिला विचारले असते, तर तिने हाच प्रश्न सर्वप्रथम मांडला असता.

'आपल्या घरांत असे नसते' हे समाधान फारसे टिकणारे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवलेली आहे. त्याच सर्वेक्षणात देशभरातील हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितल्याचे दिसते. सुमारे ७७ टक्क्यांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाजवळ शब्दही काढला नाही. शंभरांतील सत्त्याहत्तर नोंदी वहीत उतरतच नसतील, तर त्या वहीच्या ताळेबंदावर विसंबून योजना कशा आखाव्यात?

विचारले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण कायद्याच्या इतिहासातच आहे. २००२ साली शासनाने घरगुती हिंसाचाराविषयीचे विधेयक लोकसभेत मांडले. त्यात वारंवार, सवयीने केलेली मारहाणच प्रामुख्याने हिंसा ठरत होती. शिवाय स्वतःच्या वा मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला, अशी सबब पुरुषाला उपलब्ध होती. पीडित स्त्रियांसोबत वर्षानुवर्षे काम केलेल्या महिला संघटनांनी आणि वकिलांनी त्यास विरोध केला. एक मारही मारच असतो, आणि घराबाहेर काढले जाण्याच्या भीतीनेच स्त्री गप्प बसते, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. पुढे २००५ चा कायदा झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात मानसिक व आर्थिक छळालाही हिंसा मानले गेले आणि कलम १७ अन्वये सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळाला. त्या हक्काचा अर्थ काही वर्षे आखडला गेला होता. परंतु १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने सुनेचा हा हक्क नाकारता येणार नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या प्रत्येक व्यापारी घराने हा निर्णय समजून घेण्यासारखा आहे.

सोसलेल्या स्त्रीने स्वतः उभारलेले कार्यही दूरचे नाही. मुंबईच्या फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी वैवाहिक जीवनातील मारहाण सोसली, ती आत्मकथनातून निर्भीडपणे मांडली, नंतर कायद्याचे शिक्षण घेतले आणि 'मजलिस' या संस्थेद्वारे इतर स्त्रियांना न्यायालयाची वाट दाखविली. त्याही आधी, सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी अकाली वैधव्य आल्यावर मुंबईत श्राविकाश्रम चालविला. विधवेला काय हवे, हे त्यांना समितीच्या अहवालातून शिकावे लागले नाही.

आता वर्धा जिल्ह्याकडे पाहावे. केंद्र शासनाच्या २०१५ च्या 'सखी' योजनेत वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एका छताखाली देण्याची कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु आष्टीच्या किंवा समुद्रपूरच्या स्त्रीला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, तर एसटीचे भाडे हवे, घरी सांगण्याजोगे कारण हवे, मुलांची सोय हवी आणि दिवेलागणीपूर्वी परतणेही हवे. व्यापारी घरातील स्त्रीची अडचण आणखी निराळी. ज्या गावात प्रत्येक दुकानदार सासऱ्यांना नावाने ओळखतो, तेथे 'महिला सहायता' असा फलक लावलेल्या दारातून ती आत कशी जाणार?

तिची आणखी एक अडचण कागदांत दडलेली असते. पेढी तिच्या नावावर, कर्जाच्या जामीनपत्रावर तिची सही. पण हिशेबाची वही तिने कधी पाहिलेली नसते, आणि स्त्रीधन ज्या लॉकरमध्ये आहे त्याची किल्ली दुसऱ्याकडे. कागदावर ती मालकीण, हातात मात्र रिक्षाचे भाडेही नाही. अर्जातील 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात तिने काय लिहावे? मोफत कायदेशीर साहाय्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, हेही तिला कोणी सांगितलेले नसते. अशा गोष्टी अर्ज तयार करणाऱ्याला सुचत नाहीत. त्या वाटेने गेलेलीच त्या सांगू शकते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१६ साली हिंसा सोसलेल्या व्यक्तींची सल्लागार परिषद नेमली. तिच्या पहिल्या अध्यक्षा रोझी बॅटी यांच्या मुलाचा जीव त्याच्याच पित्याने घेतला होता. धोरण ठरविणाऱ्या मंडळीत अशांना मानाने जागा मिळाली, हे त्यातील सार.

विचारण्याचीही एक रीत असते. तिला व्यासपीठावर उभे करून करुण कहाणी वदवून घेणे म्हणजे विचारणे नव्हे. तिचे नाव गुप्त राहावे, येण्याजाण्याचा खर्च व वेळेचा मोबदला मिळावा, 'काय सोसले?' यापेक्षा 'कोठे अडले?' असे विचारावे, नको म्हणण्याची मुभा असावी आणि तिच्या सूचनेचे पुढे काय झाले, हे तिला कळवावे. एकीच्याच अनुभवावर न थांबता अनेकींचे ऐकावे.

जिल्ह्याच्या समित्या हे करतील तेव्हा करतील; समाजाच्या संस्थांना मात्र थांबण्याचे कारण नाही. यापुढे बैठक बसेल तेव्हा सुनेला तिच्या विश्वासाच्या व्यक्तीसह प्रथम स्वतंत्रपणे ऐकावे. तिच्या संमतीवाचून समेट मानू नये. आणि महिला हेल्पलाइन १८१ व आणीबाणीचा ११२ हे क्रमांक तिच्याजवळ असावेत. किडामुंगीलाही दुखवू नये असे जपणाऱ्या घरांत आतल्या खोलीतील हुंदका ऐकूच न येणे, ही त्या शिकवणीतीलच तूट आहे. ती भरून काढण्याचा आरंभ दिवाणखान्यात तिच्यासाठी एक आसन मांडण्यापासून व्हावा.