चाकावर हात कुणाचा?

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून, म्हणजे गेली दहा वर्षे, जमेल त्या रविवारी मी लातुरातल्या एका कुंभारकाकांकडे चाकावर बसते. हा माझा छंद आहे आणि हातपाय चालतात तोवर तो सोडायचा नाही, असे ठरवले आहे. ‘विकतेस का?’ असे सगळे विचारतात. नाही म्हटले की ‘मग कशाला?’ हे ठरलेलेच. पारावर तासन्‌तास पत्ते कुटणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाईचा वेळ मात्र घराच्या नाहीतर कमाईच्या हिशेबात बसावाच लागतो. आपल्या बचत गटांतही आपण हाच हिशेब लावतो. चाकावरचा तास कुणाच्याच हिशेबात नाही, म्हणून तो माझा आहे.

पण मैत्रिणींनो, याच छंदाने मला अडचणीत टाकणारा एक प्रश्नही दिला. माती मला ओळखायला शिकवली ती मावशींनी, म्हणजे काकांच्या बायकोने. खडे वेचणे, माती भिजवणे, राख आणि लीद मिसळून तुडवणे, वाळलेल्या मडक्यांना काव लावणे, आवा रचताना भांडी वाहून देणे, हे सगळे त्या तीस वर्षे करताहेत. संक्रांतीला आपण जी सुगडे पुजतो, त्यांची मातीही अशाच हातांनी मळलेली असते. चाकावर मात्र मावशी कधीच बसल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, “ताई, तुमाला कोण काय म्हणतंय? आमच्यात बाई चाकाला हात लावत न्हाई.”

म्हणजे मला जो छंद, तो त्यांना निषिद्ध. हे बाईच्या हाताला जमत नाही म्हणून नव्हे. मणिपुरातल्या अँड्रो गावी बायाच मडकी घडवतात, तीही चाकाशिवाय. आपल्या शेजारच्या तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेतही कच्चे-पक्के मडके पारखण्याचा विषय काढते ती मुक्ताबाईच. बाईची पारख चालते, राबणे चालते, चाकावर हात चालत नाही!

याची किंमत रोकडी आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम आहे, पण एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते. मावशींच्या घरी नाव काकांचे लागले. प्रशिक्षण, त्या काळातला रोजचा ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, सारे त्याच नावावर. तीस वर्षे माती मळणारी बाई कागदावर कारागीर नाहीच.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. कमाई न देणारा छंद जोपासणे हा बाईचा हक्क आहे, त्यासाठी तिने कारणे देत बसू नये. आणि कुंभाराघरच्या बाईची नोंद कारागीर म्हणून स्वतंत्रपणे झाली पाहिजे. आपल्या प्रशिक्षण केंद्रांत शिलाई यंत्रांच्या शेजारी एक विजेचे चाकही ठेवू या. त्यावर पहिल्यांदा बसायचा मान मावशींसारख्या बायांना देऊ या. त्या मडके विकतील की नुसतेच घडवून मोडतील, ते त्यांचे त्या ठरवतील.